दुधातील जंतू आणि घड्याळ

मंडळी, काटोल, उमरेड, भंडारा या बाजूला दूध विकणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला विचारून पाहा, "भाऊ, काल फॅट किती लागली?" तो दशांशासकट आकडा सांगेल. एसएनएफ सांगेल, लिटरला काय पडले ते सांगेल, आणि भाव का उतरला याविषयी आपले मतही सांगेल. मग विचारा, "आणि दुधात जंतू किती निघाले?" तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. "जंतू? ते कोन मोजते जी?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. संकलन केंद्रावरचे यंत्र मिनिटभराच्या आत फॅट सांगते. माप मिळाले म्हणून फॅटला भाव मिळाला. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, जंतुशास्त्र नव्हे. पण बाजारात भाव मापाच्या पाठोपाठ येतो, एवढे आमच्या शास्त्रातही कळते. कास धुऊन, कोरडी पुसून, उकळत्या पाण्याने विसळलेल्या चरवीत धार काढणारी बाई आणि शेणाच्या हातानेच बसणारा तिचा शेजारी, दोघांनाही केंद्रावर एकच दर लागतो. तिच्या मेहनतीचे माप कोणी घेतलेले नसते.

याचा अर्थ जंतू मोजता येत नाहीत असा मात्र नव्हे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी ती रीत गेल्याच्या गेल्या शतकात बसवली. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हेस नावाच्या डॉक्टरांच्या पत्नी फॅनी हेस यांनी १८८१ च्या सुमारास एक युक्ती सुचवली. फळांची जेली घट्ट करण्यासाठी त्या समुद्रशेवाळापासून काढलेला अगर वापरीत. तो उन्हाळ्यातही विरघळत नसे. जंतू वाढवण्याची खळ त्या अगराने घट्ट केली की झाले काम. पुढे १८८७ साली पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी काढली. आजही जगभर हीच बशी आणि हाच अगर चालतो. स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत गेलेल्या वस्तू थोड्या नाहीत, पण एवढी टिकलेली क्वचितच असेल.

रीत सोपी आहे. दूध पुष्कळ पातळ करायचे, त्यातला एक थेंब बशीतल्या अगरावर सोडायचा आणि बशी उबेत ठेवायची. एकटा जंतू डोळ्यांना दिसत नाही; पण जिथे तो पडला तिथे त्याची पिल्ले, पिल्लांची पिल्ले अशी वस्ती वाढते आणि टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उमटतो. ठिपके मोजा, जितके पट पातळ केले होते तितक्याने गुणा, की एका मिलिलिटरमध्ये किती जिवंत जंतू होते ते कळते. आपल्याकडे पाश्चराईज केलेल्या दुधात मिलिलिटरमागे साधारण ३० हजारांच्या आत जंतू असावेत आणि आतड्यांतल्या घाणीची खूण सांगणारे कोलिफॉर्म जातीचे जंतू १० हून कमी असावेत अशी अपेक्षा आहे. ही मोजणी चोख आहे. तिच्यात दोष एकच, ठिपके दिसण्याइतके मोठे व्हायला ७२ तास लागतात.

आता दुधाचे घड्याळ पाहा. पहाटे पाचला धार निघते. सातला कॅन केंद्रावर, दुपारपर्यंत दूध डेअरीत, रात्री पिशवीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धरमपेठेतल्या किंवा महालातल्या कोणाच्या तरी चहात. बशीतला ठिपका उमटतो तेव्हा त्या चहाचे कपही धुऊन दोन दिवस झालेले असतात. कायद्याचे घड्याळ तर याहून सावकाश चालते. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्यात नमुना हाती आल्यापासून अहवाल देण्यास अन्न विश्लेषकाला १४ दिवसांची मुदत दिली आहे. खटला भरण्यासाठी ती मुदत योग्यच असेल. पण ज्या मुलाने ते दूध प्यायले त्याला त्या अहवालाचा काय उपयोग?

दरम्यान जंतू स्वस्थ बसत नाहीत. उबदार जागी, भरपूर खाद्य असताना काही जातींचे जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. गुरुजींनी हा हिशेब वर्गात फळ्यावर जरूर घालावा. एकाचे तासाभरात ८. चार तासांत ४,०९६. आठ तासांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक. प्रत्यक्ष दुधात सुरुवातीला ते जरा दमाने घेतात आणि सर्वच जाती इतक्या चपळ नसतात, पण वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा झाडाखाली ठेवलेल्या कॅनमध्ये काय चालले असेल याची कल्पना यावी.

तेव्हा प्रश्न असा की, ठिपक्याची वाट न पाहता जंतू कसे ओळखावे? जंतूंची अंगे मोजण्याऐवजी त्यांचे उद्योग मोजले तर? घरात किती माणसे आहेत हे मोजता आले नाही, तर दिवसाला किती पीठ संपते ते पाहावे, तशातला हा प्रकार.

यातली सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत निळ्या रंगाची. दहा मिलिलिटर दूध परीक्षानळीत घ्यायचे, त्यात मिथिलीन ब्ल्यू या रंगाचे एक मिलिलिटर फिकट द्रावण घालायचे आणि नळी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवायची. दूध आभाळी रंगाचे होते. जंतू दुधात विरघळलेला प्राणवायू खाऊ लागले की तो रंग उडतो आणि दूध पुन्हा पांढरे होते. जंतू जितके जास्त तितका रंग लवकर उडणार. कच्च्या दुधाचा निळा रंग पाच तास टिकला तर दूध फार चांगले; अर्ध्या तासातच उडाला तर वाईट. कित्येक डेअऱ्यांत ही परीक्षा आजही रोज होते आणि मला तिचे मोठे कौतुक वाटते.

पण तिची एक गंमत लक्षात घ्या. दूध जितके वाईट तितका निकाल लवकर आणि दूध जितके चांगले तितका उशिरा. शिवाय तिला फसवता येते. गाईला कासदाह झाला आणि तिला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले, तर औषधाचा अंश दुधात उतरतो. तो जंतूंना वाढू देत नाही, आणि निळा रंग मस्त टिकून राहतो. नळी म्हणते दूध उत्तम. पण ते दूध कोणीच पिऊ नये असे असते. दूध नासू नये म्हणून कोणी त्यात रसायन घातले तरी हेच होते. म्हणून औषध दिल्यावर जनावरांचे डॉक्टर जितके दिवस दूध वगळायला सांगतात तितके दिवस ते वगळलेच पाहिजे, मग केंद्रावर कोणी पकडो वा न पकडो.

हल्लीची स्वयंचलित यंत्रे याच विचाराची पुढची पिढी आहेत. त्यांचे तीन-चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पहिला प्रकार विजेचा. जंतू दुधातली साखर आणि प्रथिने खातात आणि त्यांचे लहान लहान तुकडे, आम्ले वगैरे, बाहेर टाकतात. या तुकड्यांतून वीज अधिक सहज वाहते. हे १८९९ साली स्टुअर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने नोंदवून ठेवले होते. पण दर काही मिनिटांनी मोजून टिपून ठेवणारी यंत्रे यायला १९७० चे दशक उजाडले. शेकडो नळ्या एका पेटीत उबेत बसतात, प्रत्येकीत दोन तारा, आणि यंत्र न कंटाळता रात्रभर मोजत राहते. ज्या नळीची रेघ आधी वर चढली तिच्यात जंतू अधिक. निळ्या रंगाचीच ही परीक्षा, फक्त नळीकडे टक लावून बसणाऱ्या माणसाला झोपायला मोकळे केले, एवढेच.

दुसरा प्रकार काजव्याचा, आणि हा मला सर्वांत आवडतो. पावसाळ्याच्या तोंडाला भंडारदऱ्याला झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात, ते पाहायला माणसे मुंबईपुण्याहून जातात. काजव्याच्या पोटात एक द्रव्य आणि ते पेटवणारे एक विकर असते. हा दिवा लागायला तेल म्हणून एटीपी नावाचा पदार्थ लागतो, असे १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे मॅक्एलरॉय यांनी दाखवून दिले. त्यांना काजवे हवे असत हजारांनी. म्हणून त्यांनी गावातल्या पोरांना शंभर काजव्यांमागे २५ सेंट देऊ केले होते. (आपल्याकडची पोरे असती तर दुसऱ्या दिवशी भाव वाढवून मागितला असता!) हा एटीपी म्हणजे प्रत्येक जिवंत पेशीचे इंधन, तुमच्या-आमच्यात आहे आणि जंतूतही आहे. तेव्हा धुतलेल्या कॅनच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती काजव्याच्या रसात बुडवायची आणि हातात मावेल अशा यंत्रात घालायची. काही सेकंदांत यंत्र उजेड मोजून आकडा दाखवते. उजेड जास्त, तर कॅन नीट धुतलेला नाही. पुढे १९८५ साली या विकराचे बीज जंतूंमध्ये घालून ते हवे तितके तयार करता येऊ लागले, आणि काजव्यांची सुटका झाली.

या काडीचा खरा उपयोग भांडी, नळ आणि टाक्या तपासायला. खुद्द दुधात गाईच्या स्वतःच्या पेशी असतात आणि त्यांचाही एटीपी उजळतो, त्यामुळे थेट दूध घालून पाहिले तर जंतूंचा उजेड कोणता आणि गाईचा कोणता हे कळत नाही. तो आधी वेगळा काढावा लागतो.

तिसरा प्रकार थेट शिरगणतीचा. दुधातली चरबी आणि पेशी विरघळवून टाकतात, जंतूंना चमकणारा रंग लावतात आणि केसाहून बारीक धारेतून एकेकाला लेझरच्या प्रकाशापुढून नेतात. प्रत्येक जंतू क्षणभर चमकतो. यंत्र चमका मोजते. डेन्मार्कमध्ये बनणारे असे यंत्र तासाला शंभराहून अधिक नमुने मोजून टाकते आणि एका नमुन्याचा निकाल दहा-एक मिनिटांत देते. युरोपात गाईच्या कच्च्या दुधाला मिलिलिटरमागे एक लाखाची मर्यादा आहे आणि त्यावर गेलेल्या शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. तिथे स्वच्छतेला माप मिळाले, आणि ताबडतोब भावही मिळाला.

चौथा प्रकार तुम्ही नावाने ओळखता. २०२० साली कोरोनाच्या वेळी गावोगाव नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर तपासणी झाली, तिचीच ही सख्खी बहीण. जंतूच्या बीजद्रव्याचा एखादा तुकडा निवडून त्याच्या कोट्यवधी नकला काढायच्या, म्हणजे तो लपून राहू शकत नाही. ही कल्पना १९८३ साली कॅरी मलिस यांना सुचली आणि १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विषमज्वराच्या कुळातला साल्मोनेला शोधायला हीच रीत बरी. कारण तिथे किती आहेत हा प्रश्नच नसतो. २५ ग्रॅम अन्नात एकही नसावा असा नियम आहे. जुन्या रीतीने हे ठरवायला चार-पाच दिवस जातात, या रीतीने दिवस-दीड दिवस. तरीही दिवस लागतोच, कारण एकुलता एक जंतू सापडावा म्हणून आधी त्याला रात्रभर खाऊ घालून वाढवावे लागते. "मिनिटांत निकाल" अशी जाहिरात दिसली की हा रात्रीचा हिशेब त्यात धरला आहे का, ते पाहावे.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, एवढी यातायात कशाला? आपल्या घरी दूध उकळूनच पितात." खरे आहे, आणि ही आपली फार चांगली चाल आहे. उकळल्याने क्षयाचे, ब्रुसेलाचे, साल्मोनेलाचे जंतू मरतात. पण मेलेल्या जंतूने मागे काय ठेवले?

जपानात २००० साली जे घडले ते ऐका. होक्काइडो बेटावरच्या एका दूधभुकटीच्या कारखान्यात मार्च अखेरीस वीज गेली, सुमारे तीन तास. यंत्रांत अडकलेले दूध कोमट राहिले आणि त्यात स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू वाढले. हे आपल्या त्वचेवर, नाकात, फोडात राहणारे जंतू. ते दुधात एक विष सोडतात. पुढे दूध तापवले गेले, जंतू मेले. विष मात्र उष्णतेला दाद देत नाही, ते तसेच राहिले. त्या भुकटीपासून केलेले दूध उन्हाळ्यात ओसाकाच्या बाजूला विकले गेले आणि १३ हजारांवर माणसे उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. तयार दुधाच्या बशीत ठिपके उमटले नसते. जिवंत जंतूच नव्हते. तीन तास वीज जाणे म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

म्हणून तपासणी कितीही झटपट झाली तरी ती कोठे करतो याला महत्त्व आहे. पिशवी बंद झाल्यावर केलेली तपासणी उशिराचीच. शिक्षकमंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शाळेतला पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी चाखून पाहावा असा नियम आहे. तो असावाच, करपलेले, आंबलेले, पाल पडलेले त्याने टळते. पण या विषाला चव नाही, वास नाही, आणि उलटी व्हायला खाल्ल्यापासून दोन-चार तास जातात. हातावर पिकलेला फोड असताना खिचडी ढवळली गेली आणि खिचडीचा गंज तीन-चार तास कोमट पडून राहिला, तर चाखणाऱ्याची जीभ काहीही सांगू शकणार नाही. तिथे चवीपेक्षा घड्याळ पाहावे: उतरवलेले अन्न गरम असतानाच वाढून संपले का?

आता आपल्या भागाकडे वळू. २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विदर्भ-मराठवाड्यात दूध खरेदीचा प्रकल्प हाती घेतला. दूध चार अंशांपर्यंत थंड करणाऱ्या मोठ्या टाक्या गावपातळीला आल्या. थंडीने जंतू मरत नाहीत, पण त्यांची वाढ पुष्कळ मंदावते. ही मोठीच सोय झाली. पण टाकीत सगळ्यांचे दूध एक होते, आणि इथे पुन्हा हिशेब मांडावासा वाटतो. समजा सारख्याच मापाचे ४० कॅन आले. ३९ कॅनमध्ये मिलिलिटरमागे एक-एक लाख जंतू आहेत आणि एका कॅनमध्ये चार कोटी. टाकीत मिसळल्यावर सरासरी येते जवळजवळ ११ लाख. एका कॅनने ३९ जणांच्या दुधातले जंतू अकरा पट केले! डेअरीत टाकीचा नमुना मोजला तर ४० जण वाईट ठरतात, आणि तो एक जण कोण ते कधीच कळत नाही.

माझ्या मते झटपट यंत्रांची खरी जागा इथे आहे, टाकीच्या तोंडाशी, मिसळण्याच्या आधी. शिरगणतीचे मोठे यंत्र गावात आणणे कोणत्याही सहकारी संस्थेच्या आवाक्यातले नाही, आणि आणूही नये. पण महिन्यातून तीन-चार वेळा, आगाऊ न सांगता, प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचा छोटा नमुना बर्फात घालून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवता येतो. तिथे एकच यंत्र शेकडो गावांना पुरते. चांगल्या आकड्याला लिटरमागे थोडा जादा दर द्या. पहिल्याने कोणाचे पैसे कापू नका. जादा दर दिसला की शेजारी आपण होऊन कास धुऊ लागेल. पैसा डेअरीच्या खिशातून जाईल हे उघड आहे, पण तिचेही नासलेले दूध वाचेल. मनुष्यबळही जवळच आहे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे, २००० पासून पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ठाणेही नागपुरातच आहे आणि त्याचे दुग्धतंत्राचे महाविद्यालय पुसदजवळ वरूड येथे आहे.

भांडी ज्या पाण्याने धुतात त्या पाण्याचे काय, असा प्रश्न एखादी बाई विचारील. आणि तिचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, कारण दुधातली पुष्कळशी घाण त्या पाण्यातूनच येते. याची सोय गावात आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक साधी बाटली प्रसिद्ध केली. आत औषध लावलेली कागदी पट्टी. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि घरातच दिवसभर ठेवायची. पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतले जंतू आहेत असे समजावे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत गावोगाव पाच-पाच बायांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना होती. दूध संस्थेच्या सचिवांनी त्या बायांना हुडकून केंद्रावरच्या नळाचे पाणी एकदा तपासून घ्यावे.

शाळेत विज्ञानाची पेटी असेल तर निळ्या रंगाचा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. चार परीक्षानळ्या उकळून घ्या. दोघींत उकळत्या पाण्याने विसळलेल्या भांड्यातले दूध, दोघींत नुसत्या गार पाण्याने विसळलेल्या भांड्यातले. गाय एकच, धार एकच, आणि दोन्ही भांडी तीन तास सावलीत ठेवलेली. रंगाचे माप सर्वांत सारखे. बूच लावून नळ्या एकदा उलट्या-सुलट्या करा आणि कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. पाणी गार होऊ लागले की थोडे ऊन पाणी घालीत जा. दर अर्ध्या तासाला मुलांनी वहीत नोंद करायची. रंग उडाल्यावरही दुधाच्या वरच्या कडेला निळी रेघ राहील. ती हवेतल्या प्राणवायूमुळे राहते, ती मोजू नये. प्रयोग झाल्यावर ते दूध ओतून द्यावे, मांजरालाही घालू नये.